ग्रॅनाइटनं पाणी पाहिलंय, हे सांगायला हरकत काय?

२८ नोव्हेंबर २०२४ रोजी कॅनडात एक निर्णय जाहीर झाला. आपल्या मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर त्याची चर्चा मला तरी कुठे दिसली नाही. देशातल्या अणुभट्ट्यांमधून निघालेलं वापरलेलं इंधन कायमचं कुठे पुरायचं, ती जागा त्या दिवशी ठरली. वाबिगून लेक ओजिब्वे नेशन हे मूलनिवासी राष्ट्र आणि इग्नेस हे छोटं गाव यांच्या परिसरात, वायव्य ऑन्टारिओमध्ये. थंडर बेहून ट्रान्स-कॅनडा हायवेनं निघालात की सुमारे अडीचशे किलोमीटरवर इग्नेस लागतं. तिथून पुढे ड्रायडनच्या दिशेला जमिनीखाली रेवेल बॅथोलिथ नावाचा ग्रॅनाइटी खडकाचा प्रचंड गोळा आहे, वय सुमारे २७० कोटी वर्षं. त्यात ६५० ते ८०० मीटर खोलीवर हे भांडार खोदायचं आहे.

आपला याच्याशी संबंध काय, असं मिसिसागात किंवा ब्रॅम्प्टनमध्ये राहणाऱ्या कुणाला वाटलं, तर त्यांनी विजेचं बिल आठवावं. ऑन्टारिओची निम्म्याच्या आसपास वीज पिकरिंग, डार्लिंग्टन आणि ब्रूस इथल्या अणुभट्ट्यांमधून येते. देशात वापरलेल्या इंधनाचे तीस लाखांहून अधिक बंडल साठलेले आहेत. आपल्या घरातला कुकर ज्यावर शिजतो, त्याची राख म्हणा हवं तर.

मी भट्टीवाला नाही, दगडवाला आहे. जुन्या खडकांमधल्या ऑक्सिजनची मोजणी करणं हे माझं काम. त्यामुळे या चर्चेत एक वाक्य मला सारखं टोचतं: "ग्रॅनाइट कठीण आणि अभेद्य आहे, अब्जावधी वर्षं स्थिर आहे." समर्थक हे वाक्य आश्वासन म्हणून वापरतात. मग विरोधकांना एखाद्या भेगेचा फोटो मिळतो आणि ते म्हणतात, "बघा, पाणी शिरतं, म्हणजे खोटं बोलताय." दोन्ही बाजू एकाच गैरसमजावर उभ्या आहेत. पाण्यानं न शिवलेला ग्रॅनाइट जवळजवळ सापडत नाही. कुठलं पाणी, किती गरम, किती आणि कधी, हे चार प्रश्न विचारायला हवेत. त्यातल्या पहिल्या तिघांची उत्तरं खडक स्वतः बऱ्यापैकी देतो. ती ऐकण्याची रीत सांगतो, म्हणजे माझा आग्रह कशासाठी आहे ते कळेल.

खडकातून गरम पाणी खेळतं ही कल्पना आपल्याला परकी नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं आठवा. पावसाचं पाणी खोल मुरतं, तापतं आणि भेगांमधून वर येतं. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत झिओलाइटचे जे देखणे स्फटिक मिळतात (सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अनेकांनी पाहिले असतील), ते अशाच खनिजं विरघळवून आणणाऱ्या पाण्याची देणगी. ग्रॅनाइटच्या बाबतीत हे नाट्य जास्त दांडगं असतं. शिलारस जमिनीखाली हळूहळू थंड होत असतो, त्याच्या उष्णतेनं आजूबाजूच्या भेगांतलं पाणी फिरू लागतं, आणि हजारो वर्षं चुलीवरच्या पातेल्यासारखा प्रकार चालतो. नंतर सगळं थंड होतं, भेगा खनिजांनी बुजतात, पाणी निघून जातं. कोट्यवधी वर्षांनी तिथे दगड उरतो. पाण्याचा मागमूस डोळ्यांना बहुधा दिसत नाही. कधीकधी दिसतो. किचनच्या ओट्यावर गुलाबी ग्रॅनाइट असेल तर जवळून पाहा. काचेसारखे करडे दाणे क्वार्ट्झचे, गुलाबी दाणे फेल्डस्पारचे. फेल्डस्पार दुधाळ, गढूळ दिसत असेल तर अनेकदा त्याला पाणी लागून गेलेलं असतं.

'अनेकदा' या शब्दावर कुणी भांडार बांधू नये. म्हणून ऑक्सिजन.

निसर्गातला ९९.७६ टक्के ऑक्सिजन वजन १६ चा असतो आणि सुमारे ०.२ टक्के वजन १८ चा. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं दोघे सख्खे भाऊ, पण एक थोडा जड. समुद्राच्या पाण्यातलं या दोघांचं प्रमाण शून्य धरायचं आणि बाकी सगळ्यांची तुलना त्याच्याशी दर हजारी करायची. शिलारसातून नुकताच गोठलेला साधा ग्रॅनाइट साधारण अधिक ७ ते अधिक १० भरतो. पावसाचं पाणी शून्याच्या खाली. ढग जसजसा जमिनीवरून आणि उत्तरेकडे सरकतो, तसतसे जड रेणू आधी गळून जातात आणि मागे हलकं पाणी उरतं. मुंबईच्या पावसाचं मूल्य शून्याच्या थोडं खाली असतं. विनिपेगच्या जानेवारीतल्या बर्फाचं उणे २० च्याही खाली जातं. पाण्याच्या अंगावर गावाचं नाव लिहिलेलं असतं म्हणायला हरकत नाही. ग्रॅनाइट आणि पाऊस यांच्या आकड्यांमध्ये एवढं अंतर आहे म्हणूनच आमचा धंदा चालतो.

आता गंमत अशी, की ग्रॅनाइटमधली सगळी खनिजं पाण्याशी सारख्या उत्साहानं देवाणघेवाण करत नाहीत. फेल्डस्पार भोळा. तीन-चारशे अंशांचं पाणी मिळालं की आपला ऑक्सिजन देऊन पाण्याचा घेऊन मोकळा होतो. क्वार्ट्झ हट्टी, तो जन्माच्या वेळचा आकडा बराच काळ धरून ठेवतो. न छेडलेल्या ग्रॅनाइटमध्ये फेल्डस्पार क्वार्ट्झपेक्षा एक-दोन एककांनी हलका असतो, हे ठरलेलं नातं. एखाद्या नमुन्यात क्वार्ट्झ अधिक ९ वर शांत बसलाय आणि त्याला खेटून असलेला फेल्डस्पार शून्याच्याही खाली घसरलाय, असं दिसलं की समजायचं: इथून भरपूर गरम पावसाचं पाणी गेलेलं आहे. ह्यू टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात स्कॉटलंडच्या स्काय बेटावर आणि नंतर आयडाहोच्या ग्रॅनाइटमध्ये हेच दाखवलं. मॉर्डेकाय मॅगारित्झ यांच्याबरोबर १९८६ मध्ये त्यांनी दक्षिण ब्रिटिश कोलंबियाच्या ग्रॅनाइटी खडकांचाही असाच आडवा छेद घेतला. व्हँकूव्हरकडून पूर्वेला गाडीनं जाताना खिडकीतून जे भक्कम डोंगर दिसतात, तशा खडकांमधूनही एकेकाळी पावसाचं पाणी तापून फिरलेलं आहे.

या मोजणीची एक बाजू लोकांपर्यंत पोचत नाही, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. ग्रॅनाइटचं जवळजवळ निम्मं वजन ऑक्सिजनचं असतं. म्हणजे खडकाकडे ऑक्सिजनचा मोठा साठा आहे. चिमूटभर पाण्यानं त्याचा आकडा हलत नाही, हलवायला खडकाच्या तोडीस तोड पाणी लागतं. हायड्रोजनचं उलट. खडकात तो नगण्य, अभ्रकासारख्या काही खनिजांत अडकलेला, त्यामुळे थोडंसं पाणी लागलं तरी त्याचा आकडा बदलतो. दोन्ही एकत्र मोजले की दोन मापं हातात येतात, एक सोनाराचा काटा आणि एक वखारीचा. हायड्रोजन बदललाय आणि ऑक्सिजन जागच्या जागी आहे, तर पाणी आलं होतं पण थोडं. दोन्ही बदललेत, तर पाणी वाहत होतं. "पाणी शिरलं" या एकाच शब्दप्रयोगाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी दडतात ते इथे कळतं.

तापमानाचीही खूण मिळते. गरम पाणी फेल्डस्पारला हलकं करतं, पण कमी तापमानाला खनिज आणि पाणी यांच्यातला फरक वाढतो आणि बदललेला फेल्डस्पार उलट जडही होऊ शकतो. म्हणून आकडा खाली गेला तर वाईट आणि वर गेला तर चांगलं, असा बाजारभाव इथे चालत नाही.

या शास्त्राचं कॅनडाशी जुनं नातं आहे. मॅकमास्टर विद्यापीठात हॅमिल्टनला हेन्री थोड यांनी मास स्पेक्ट्रोमीटरवर समस्थानिकांचं काम उभं केलं. विनिपेगमध्ये वाढलेले सॅम्युएल एपस्टाइन मॅकगिलहून पीएचडी करून महायुद्धकाळात कॅनडाच्या अणुप्रकल्पात होते, मग शिकागोला हॅरल्ड युरी यांच्याकडे आणि पुढे कॅलटेकला गेले. त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट क्लेटन मूळचे हॅमिल्टनचेच. क्लेटन आणि तोशिको मायेदा यांनी १९६३ मध्ये सिलिकेट खनिजांमधला ऑक्सिजन ब्रोमीन पेंटाफ्लोराइडनं मोकळा करायची पद्धत दिली. ती आमच्या प्रयोगशाळांमध्ये अनेक दशकं चालली. (हे रसायन पाण्याशी भेटलं तर स्फोटच करतं. त्याच्याबरोबर काम केलेली माणसं एरवीही फार सावकाश हालचाल करतात असं माझं निरीक्षण आहे.) ह्यू टेलरही एपस्टाइन यांच्याच शिष्यपरंपरेतले. युद्धकाळात समस्थानिकांवर जी मेहनत झाली, तिचं एक टोक अणुभट्टीकडे गेलं आणि दुसरं दगडांकडे. आता भट्टीची राख ठेवायला दगड हवाय तेव्हा दोन्ही टोकं पुन्हा भेटतात.

भेटली तशी याआधीही होती. मॅनिटोबात पिनावा हे गाव १९६० च्या दशकात अणुसंशोधनासाठीच वसवलं गेलं. तिथून जवळ लाक द्यू बोने बॅथोलिथमध्ये ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडानं १९८० च्या दशकात जमिनीखाली प्रयोगशाळा खोदली, २४० आणि ४२० मीटरवर दोन मुख्य पातळ्या. वरचा ग्रॅनाइट गुलाबी, भेगाळलेला. खाली गेल्यावर करडा आणि जवळजवळ अखंड. गुलाबी रंग खडकातलं लोह पाण्यामुळे गंजल्याचा. पण मला जास्त बोलकं वाटतं ते भेगांमधलं आजचं पाणी. वरच्या थरात ताजं, पावसाचं. काही शे मीटरवरच्या भेगांमध्ये उणे २० च्या आसपासचं, तिथल्या आजच्या भूजलापेक्षा कितीतरी हलकं पाणी सापडलं. असं हलकं पाणी येतं फार थंड काळातून, म्हणजे हिमयुगाच्या वितळणीतून. त्याहून खाली खारं, फार जुनं पाणी.

इथे नातं उलटंही वाचता येतं. कॅनडाच्या शील्डमधल्या खोल खाऱ्या पाण्याचा अभ्यास वॉटरलू विद्यापीठाचे शॉन फ्रेप आणि पीटर फ्रिट्झ यांनी केला. जगभरच्या पावसाच्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे आकडे एका सरळ रेषेवर पडतात, हे हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये दाखवलं होतं. शील्डमधलं खोल पाणी त्या रेषेवर बसत नाही, बाजूला सरकतं. खडकाशी इतका काळ एकांतात राहिलेलं असतं की दगडानं पाण्यावर स्वतःची खूण उमटवलेली असते. टिमिन्सच्या किड क्रीक खाणीत सुमारे २.४ किलोमीटर खोल सापडलेलं पाणी १५० कोटी वर्षं किंवा त्याहून अधिक काळ वेगळं पडलेलं आहे, असा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. खडकात पाणी आहे ही बातमी घाबरवणारी वाटते. तेच पाणी एवढा काळ तिथेच अडकून पडलेलं असेल, तर भांडारासाठी त्याच्यासारखी चांगली बातमी नाही!

आणि इग्नेसच्या दक्षिणेला ॲटिकोकनजवळ आय-दाश्वा लेक्स हा ग्रॅनाइटचा गोळा आहे, तोही याच कामासाठी तपासला गेला. रॉबर्ट केरिच आणि कामिनेनी यांनी १९८८ मध्ये तिथल्या भेगांमधल्या खनिजांच्या ऑक्सिजन, हायड्रोजन आणि कार्बनवर काम प्रसिद्ध केलं. भेगांमध्ये खनिजांचे एकावर एक थर बसलेले: आधी एपिडोटसारखी गरम पाण्यातली खनिजं, मग क्लोराइट, मग हेमॅटाइट, कार्बोनेट, चिकणमाती अशी थंड होत गेलेली. म्हणजे एकच भेग पुन्हा पुन्हा उघडली आणि दर वेळी वेगळ्या पाण्यानं तिला बुजवलं. हा शेजारचा खडक आहे, रेवेल नाही. पण "अब्जावधी वर्षं स्थिर" या वाक्यात असा सगळा इतिहास गिळला जातो, हे त्यावरून लक्षात यावं.

आता चौथा प्रश्न, कधी? ऑक्सिजनपाशी घड्याळ नाही. पाणी २६० कोटी वर्षांपूर्वी आलं की परवाच्या हिमयुगात, हे एकटा ऑक्सिजन सांगू शकत नाही. त्यासाठी भेगेतल्या खनिजाचं वय काढावं लागतं, उदाहरणार्थ कॅल्साइटमधल्या युरेनियम आणि शिशावरून. आणि हीच गोष्ट भांडारासाठी निर्णायक आहे. तांब्याचा थर दिलेल्या पोलादी डब्यांत इंधन ठेवायचं, भोवती बेंटोनाइट माती ठासायची, अशी योजना आहे. ऑक्सिजन विरघळलेलं पाणी पोचलं नाही तर तांबं फार काळ टिकतं. सुरक्षिततेचा हिशोब दहा लाख वर्षांचा मांडतात, आणि तेवढ्या काळात इथे हिमनद्या पुन्हा येतील असंच गृहीत धरलं जातं. तेव्हा वितळलेलं, प्राणवायूयुक्त पाणी किती खोल उतरेल? मागच्या खेपांना किती खोल उतरलं होतं, हा त्याचा सगळ्यात चांगला पुरावा. २७० कोटी वर्षांपूर्वीच्या गरम पाण्याचं मला भय नाही, ते खडकाचं बाळंतपण होतं. मला शेवटच्या दहा लाख वर्षांतल्या थंड पाण्याची चौकशी करायची आहे.

न्यूक्लिअर वेस्ट मॅनेजमेंट ऑर्गनायझेशननं रेवेलमध्ये सुमारे किलोमीटरभर खोल सहा बोअर घेतले आणि त्यांचे तांत्रिक अहवाल लोकांसाठी खुलेही केले आहेत. माझी तक्रार लपवाछपवीची नाही. तक्रार अशी, की अहवालातला खडक आणि सभेतला खडक वेगळे आहेत. अहवालात भेगा, त्यातली खनिजं, पाण्याचं रसायन असतं. माहितीपत्रकात आल्यावर तोच खडक गुळगुळीत, न बोलणारा होतो. १९९८ मध्ये सीबॉर्न पॅनेलनं बजावलं होतं, की खोल भांडाराची कल्पना तांत्रिकदृष्ट्या त्या टप्प्यापुरती पुरेशी पटली तरी तिला व्यापक जनाधार असल्याचं दिसलेलं नाही. त्याला पाव शतक उलटून गेलं. जनाधार गुळगुळीत खडकावर उभा राहिला, तर पहिल्या भेगेच्या फोटोला घसरेल.

आणखी एक तांत्रिक हट्ट आहे माझा. मूठभर दगड दळून सरासरी काढली, तर भेगेच्या काठावरचा मिलिमीटरभर बदल त्यात हरवतो. अख्खा खडक 'निरोगी' दिसतो. त्यामुळे सरासरी आकड्यांवर विसंबून "खडक अबाधित" म्हणणं मला मान्य नाही. आज आयन मायक्रोप्रोबनं केसाच्या जाडीपेक्षाही लहान ठिपक्यावर ऑक्सिजन मोजता येतो. एडमंटनला अल्बर्टा विद्यापीठात तसं यंत्र आहे. कॅल्साइटच्या एका शिरेत आतून बाहेर ठिपके घेत गेलं, की झाडाच्या वलयांसारखा पाण्याचा क्रम वाचता येतो. हे काम खर्चिक आणि कंटाळवाणं आहे हे मी कबूल करतो. अब्जावधी डॉलरच्या प्रकल्पात ते परवडायला हवं.

मी भांडाराच्या विरोधात नाही. वापरलेलं इंधन तलावाकाठच्या भट्ट्यांशेजारी डब्यांत पिढ्यानपिढ्या ठेवणं मला जास्त धोक्याचं वाटतं. फिनलंडनं ओन्कालोमध्ये साडेचारशे मीटरच्या आसपास खोदून दाखवलंय, की हे होऊ शकतं. पण ज्या राष्ट्राच्या भूमीत हे होणार, त्या लोकांना आणि ज्यांची ही वीज आहे त्या आपल्यालाही खडकाचं पूर्ण चरित्र मिळायला हवं. काही जण म्हणतात, एवढं सांगितलं तर लोक घाबरतील. मला हे पटत नाही. सातबाऱ्यावर जुने फेरफार दिसले म्हणून आपण जमीन घेत नाही असं होतं का? उलट कोरा सातबारा दाखवला तर संशय येतो.

संघीय आघात-मूल्यांकन, अणुसुरक्षा आयोगाचे परवाने, असा पुढचा रस्ता लांब आहे. भांडार २०४० च्या दशकाच्या सुरुवातीला चालू व्हावं असं नियोजन आहे. या प्रक्रियांमध्ये सामान्य नागरिकाला लेखी म्हणणं मांडता येतं, त्यासाठी भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. माझ्याकडून एक प्रश्न जाणार आहे: ६५० मीटरच्या खालच्या भेगांमधलं सगळ्यात तरुण कॅल्साइट किती जुनं आहे, आणि ते ज्या पाण्यातून बनलं ते पावसाचं होतं, हिमनदीचं होतं, की तळातलं जुनं खारं?